रिफंडसाठी आधार कार्डचा फोटो मागतायत? पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात सांगलीहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "दादा, रिफंडसाठी आधारचा फोटो मागतायत. पुढची बाजू पाठवली, आता मागची पण पाठवू का?"

तिने इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवरून १,७९९ रुपयांचे ब्लूटूथ हेडफोन मागवले होते. बॉक्स उघडून लावून बघितले तर डाव्या कानात आवाजच नाही. विक्रेत्याने वस्तू परत घेतली, पण पैशांचा विषय काढला की रोज नवीन अट. आधी आधारची पुढची बाजू. मग मागची बाजू. मग पॅन कार्ड, पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो आणि शेवटी आधार हातात धरून काढलेला सेल्फी. का लागतं, असं विचारलं की एकच उत्तर: "मॅडम, केवायसीशिवाय सिस्टम रिफंड घेत नाही."

मी साताऱ्यात, ती सांगलीत. फोनवर तिला एवढंच म्हणालो, "थांब. आता काहीच पाठवू नकोस." त्यानंतर आम्ही दोघांनी काय तपासलं, काय लिहून पाठवलं आणि कुठे तक्रार केली, ते सगळं या लेखात देतोय. असा प्रसंग तुमच्यावर आला, तर हा लेख उघडून पायरीपायरीने जाता येईल.

एक साधी कसोटी

कुणीही माहिती मागितली की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ही माहिती दिली नाही, तर हे काम खरंच अडतं का?

खरेदीच्या प्रत्येक टप्प्यावर हे लावून बघू.

- वस्तू घरी पोहोचवायला: नाव, पत्ता, मोबाइल नंबर. बस.
- वस्तू खराब आहे हे दाखवायला: ऑर्डर नंबर, बिल, वस्तूचा फोटो, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ.
- ऑनलाइन भरलेले पैसे परत करायला: ऑर्डर नंबर आणि पेमेंटचा यूटीआर नंबर. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत पाठवता येतात.
- कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे परत करायला: यूपीआय आयडी, किंवा खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड.

या यादीत आधार कुठेच नाही. सेल्फी तर नाहीच नाही. कारण सरळ आहे. आधार कार्डाने "तुम्ही कोण" हे कळतं, आणि इथे भांडण "हेडफोन वाजतात की नाही" याचं आहे. तुम्ही कोण आहात हे ऑर्डर घेताना विक्रेत्याला विचारावंसं वाटलं नव्हतं. पैसे घेताना न लागलेलं कागदपत्र पैसे देताना का लागावं?

ओटीपी, पिन आणि क्यूआर: इथे गोंधळ होतो

डिलिव्हरीवाला दारात आला की एक ओटीपी मागतो. तो वस्तू तुमच्या हातात पडली याची खूण असतो, आणि वस्तू समोर बघून तो दिला तर हरकत नाही. पण ओटीपी देण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. त्यात रक्कम, बँकेचं नाव किंवा "ट्रान्झॅक्शन" असा शब्द असेल, तर तो डिलिव्हरीचा ओटीपी नाही. तो कुणालाही सांगायचा नाही.

दुसरी गोष्ट यूपीआय पिनची. पिन फक्त पैसे पाठवताना आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही. "रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" असं कुणी म्हणालं, तर तो रिफंड देत नाहीये, तुमच्याकडून आणखी पैसे घेतोय.

तिसरी गोष्ट, "मदत करतो" म्हणून स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावणं. अशा अ‍ॅपमधून समोरच्याला तुमच्या स्क्रीनवर येणारे मेसेजही दिसतात. रिफंड देण्यासाठी तुमची स्क्रीन बघायची काहीही गरज नसते.

मग ओळखपत्र मागणं कधी बरोबर असतं?

प्रत्येक मागणी फसवणूक नसते. काही ठिकाणी कागदपत्र खरंच लागतं:

- परदेशातून वस्तू मागवली तर कस्टम्ससाठी कुरिअर कंपनी केवायसी मागते.
- हप्त्याने किंवा "आता घ्या, नंतर भरा" पद्धतीने खरेदी केली, तर ते कर्ज असतं. कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी पॅन आणि केवायसी मागणारच. पण ते त्या संस्थेच्या अ‍ॅपमध्ये, विक्रेत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.
- एकाच व्यवहारात २ लाख रुपयांपेक्षा मोठी खरेदी असेल तर पॅनचा नियम येतो. हा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. १,७९९ रुपयांच्या हेडफोनचा त्याच्याशी संबंध नाही.
- नवीन सिम घेताना केवायसी होतं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी औषधं मागवताना चिठ्ठी लागते.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: खरेदी करण्याआधीच तुम्हाला सांगितलेलं असतं. पैसे अडकल्यावर अचानक "केवायसी" उगवलं, तर संशय घ्यायलाच हवा.

आधारचा फोटो गेला तर एवढं काय होतं?

बहिणीचा पहिला प्रश्न हाच होता. "हॉटेलात पण देतोच की आपण आधार."

खरंय. नुसत्या आधार नंबरवर कुणी तुमच्या खात्यातून पैसे काढू शकत नाही. पण त्याच माणसाकडे आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, पासबुक आणि कार्ड हातात धरलेला सेल्फी जमा झाला, की तो पूर्ण संच होतो. बऱ्याच अ‍ॅपवर ओळख पटवायला नेमक्या याच गोष्टी लागतात. असा संच वापरून दुसऱ्याच्या नावाने सिम घेण्याचा, कर्जाचा अर्ज करण्याचा किंवा फसवणुकीचे पैसे फिरवायला खातं उघडण्याचा प्रयत्न होतो. अशा खात्यावरून पोलिसांचा माग निघतो, तेव्हा तो तुमच्या दारात येतो.

आणि विक्रेता प्रामाणिक असला तरी प्रश्न संपत नाही. मे २०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या १८ कोटी ऑर्डरची माहिती बाहेर फुटल्याच्या बातम्या आल्या. मोबाइल नंबर टाकला की त्या नंबरवरून केलेल्या ऑर्डर शोधता येत होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर एका माणसाच्या मोबाइल गॅलरीत पडलेल्या तुमच्या आधारचं काय? तो फोन उद्या दुरुस्तीला जाईल, विकला जाईल, चोरीला जाईल.

पासवर्ड बदलता येतो, कार्ड बंद करून नवीन घेता येतं. चेहरा आणि जन्मतारीख बदलता येत नाही.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

आधी एक जुनी गोष्ट. नोव्हेंबर २०१७ मध्ये बझफीड न्यूजने बातमी दिली होती की हरवलेल्या पार्सलचा शोध घेण्यासाठी अ‍ॅमेझॉन भारतात ग्राहकांना आधार अपलोड करायला सांगत आहे. म्हणजे ही सवय फक्त इन्स्टाग्रामवरच्या छोट्या पेजची नाही. पार्सल हरवलंय ग्राहकाचं आणि ओळख सिद्ध करायची तीही ग्राहकानेच, हा उलटा न्याय तेव्हापासून दिसतो. त्यानंतर मात्र कायदा बराच पुढे गेला.

- २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आधार कायद्याचं कलम ५७ ज्या भागामुळे खासगी कंपन्या आधार वापरत होत्या, तो भाग रद्द केला. आज खासगी कंपनीला आधार पडताळणी करायची असेल तर त्यासाठी कायदेशीर परवानगी हवी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो मागवणं ही पडताळणी नसते, ती नुसती प्रत जमवणं असतं.
- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे.
- ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने स्वतःचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती दाखवलीच पाहिजे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. खराब किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.
- ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवण्याचे किंवा अडवण्याचे १३ प्रकार त्यात दिले आहेत. त्यातला एक म्हणजे "फोर्स्ड अ‍ॅक्शन", म्हणजे जबरदस्तीने काही करायला लावणं. खरेदीला गरज नसताना आधार किंवा क्रेडिट कार्डाशी जोडलेली वैयक्तिक माहिती द्यायला भाग पाडणं, हे त्याचं उदाहरण म्हणून तिथेच लिहिलंय.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. विक्रेत्याशी बोलताना तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

याशिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. कामापुरतीच माहिती घ्यायची, हे त्याचं मूळ तत्त्व. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यामुळे आत्ताच्या भांडणात ग्राहक संरक्षण कायद्यावरच भर द्या.

भांडण कसं लढायचं: पाच पायऱ्या

१. फोनवर बोलणं बंद, लेखी बोलणं सुरू. फोनवर विक्रेता काहीही म्हणतो, नंतर नाकारतो. चॅट किंवा ईमेलवरच बोला. विक्रेत्याने आधार मागितल्याचा मेसेज, ऑर्डर, बिल, पेमेंट आणि परत पाठवलेल्या पार्सलची पावती, या सगळ्याचे स्क्रीनशॉट तारीख दिसेल असे काढा. पेजचं नाव आणि लिंकही जपून ठेवा, कारण पेज रातोरात गायब होतं. चिडून ब्लॉक करू नका. पुरावा तिथेच असतो.

२. एक शांत, स्पष्ट मेसेज पाठवा. शिवीगाळ नको, विनवणी पण नको. आम्ही पाठवलेला मेसेज असा होता:

"ऑर्डर क्रमांक अमुक. वस्तू सदोष होती आणि ती तुम्हाला अमुक तारखेला परत मिळाली आहे. रिफंडसाठी आवश्यक ती सर्व माहिती, म्हणजे ऑर्डर क्रमांक आणि पेमेंटचा यूटीआर नंबर, तुमच्याकडे आहे. आधार, पॅन किंवा सेल्फी कोणत्या कायद्यानुसार लागतो ते लेखी कळवा. गरज नसताना आधारची माहिती मागणे हा डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वे, २०२३ नुसार फोर्स्ड अ‍ॅक्शन आहे. कृपया ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात रक्कम सात दिवसांत परत करावी. आधी पाठवलेला आधारचा फोटो डिलीट करून तसे लेखी कळवावे. अन्यथा मी ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन."

हा मेसेज कॉपी करून तुमचे तपशील टाकून वापरा.

३. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. खरेदी मोठ्या अ‍ॅपवरून असेल तर विक्रेत्याच्या चॅटवर अडकून राहू नका. अ‍ॅपच्या किंवा वेबसाइटच्या तळाशी "ग्रीव्हन्स ऑफिसर" असं पान असतं. तिथल्या ईमेलवर तोच मजकूर पाठवा. ४८ तासांची आणि एका महिन्याची मुदत तिथून मोजली जाते.

४. १९१५ वर तक्रार. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपवरूनही तक्रार देता येते. हेल्पलाइन कंपनीशी संपर्क साधून तडजोड घडवते. पण ती न्यायालय नाही, आदेश देऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. कार्डाने पैसे भरले असतील तर सोबतच बँकेकडे चार्जबॅकची मागणी करा.

५. जिल्हा ग्राहक आयोग. बहुतेक जण इथे थांबतात. "कंपनी दिल्लीची, केस कुठे करणार?" तर उत्तर आहे: आपल्याच जिल्ह्यात. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार दाखल करायची मुभा दिली आहे. विक्रेता सुरतचा असो नाहीतर गुरुग्रामचा, सांगलीचा ग्राहक सांगलीच्या आयोगात आणि साताऱ्याचा साताऱ्याच्या आयोगात जाऊ शकतो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार भरता येते. वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

१,७९९ रुपयांसाठी आयोगापर्यंत जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण जाता येतं हे विक्रेत्याला कळलं, तरी बऱ्याचदा त्याचा सूर बदलतो.

माहिती आधीच पाठवली असेल तर?

लाज वाटून घेऊ नका आणि गप्पही बसू नका. त्याच दिवशी एवढं करा:

- आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. एमआधार अ‍ॅपमधून किंवा यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून हे होतं. तिथेच तुमचा आधार कुठे कुठे वापरला गेला याची यादीही दिसते. ओळखीची नसलेली नोंद दिसली तर १९४७ वर कळवा.
- तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. संचार साथी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. अनोळखी नंबर असेल तर तिथेच "हा माझा नंबर नाही" असं कळवता येतं.
- क्रेडिट रिपोर्ट तपासा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तुम्ही न घेतलेलं कर्ज तिथे दिसतं. काही महिन्यांनी पुन्हा बघा.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३०. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. सोबत बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. म्हणून तिथे मिनिटं मोजायची.
- कागदपत्रांचा गैरवापर झालाच, तर पोलीस तक्रार. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आणि पुढच्या वेळी कुठे खरंच आधार द्यावंच लागलं, तर मास्क्ड आधार द्या. ते यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून डाउनलोड होतं आणि त्यात नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. प्रतीवर कशासाठी दिलं आणि कोणत्या तारखेला, ते आडवं लिहून टाका. म्हणजे तीच प्रत दुसरीकडे वापरणं अवघड जातं.

ऑर्डर करण्याआधी दोन मिनिटं

पेजवर किंवा वेबसाइटवर कंपनीचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती आहे का बघा. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर असेल, तर उद्या तक्रार कुणाविरुद्ध लिहिणार? बिल मिळतं का विचारा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. शक्य असेल तर पैसे अ‍ॅपमधूनच भरा, विक्रेत्याच्या वैयक्तिक यूपीआयवर नको.

बहिणीच्या बाबतीत बिलाने काम केलं. त्यावर फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर होता, म्हणून १९१५ वर तक्रार नोंदवताना अडचण आली नाही. वर दिलेला मेसेज पाठवल्यावर दोन दिवस विक्रेता गप्प होता. तक्रारीनंतर अकराव्या दिवशी १,७९९ रुपये आले, ज्या खात्यातून गेले होते त्याच खात्यात. ना पॅन लागलं, ना सेल्फी. "सिस्टम घेत नाही" म्हणणाऱ्या सिस्टमने गुपचूप घेतलं.

पण आधारचा फोटो डिलीट केल्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पैसे परत मिळाले, तो फोटो परत मिळणार नाही. तिने बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय आणि दर तीन महिन्यांनी सिमची यादी आणि क्रेडिट रिपोर्ट बघायचा म्हणून मोबाइलमध्ये रिमाइंडर लावलाय.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "केवायसी पाठवा" म्हणालं, की पाठवण्याआधी एक ओळ टाइप करा: "हे कशासाठी लागतं, ते लेखी सांगा." खरी गरज असेल तर उत्तर येईल, आणि उत्तर आलं नाही तर फोटो पाठवायचं कारणही उरत नाही.